धुतलेले दगड

मी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली, त्यातली शेवटची नऊ तिथली मुख्य म्हणून. रक्त थंड पाण्यात, तेलकट मलम सोड्याच्या कढत पाण्यात, गंज लिंबात. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. घाण दिसली की माझे हात शिवशिवतात. हा गुण की अवगुण ते ज्याचं त्याने ठरवावं, मला येऊन ऐकवू नये. हे सांगतेय कारण जे झालं ते मूर्खपणाने झालं नाही. मला जे चांगलं येतं, त्यानेच झालं.

ताईला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. दोघींची लग्नं झाली नाहीत. का झाली नाहीत ते विचारणारे सगळे आता वर गेलेत, त्यामुळे तो विषय मिटला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, एवढ्या जागेत आम्ही दोघी आणि ताईचे चारशे बारा दगड राहायचो. ती सगळ्यांनाच दगड म्हणायची. त्यात गारगोट्या होत्या, अकीक होते, चुनखडीत रुतून बसलेले शिंपले होते, आणि लाटांनी घासून घासून धुरकट केलेली काच होती. बुटांच्या खोक्यांतून सगळं भरलेलं. पलंगाखाली, कपाटावर, एकदा तर माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली. मी म्हणायचे, एक दिवस आपण पायरीवर झोपू आणि तुझे दगड गादीवर. ती म्हणायची, "झोपू देत. ते तुझ्यासारखे घोरत नाहीत."

ताई पाणीखात्यात होती. तलावाच्या काठी, पंपघराच्या पायऱ्यांपाशी, एक उभी पट्टी रोवलेली आहे. रोज सकाळी सातला जाऊन पाणी पट्टीच्या कितव्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत मांडायचं, हे तिचं काम. चौतीस वर्षं केलं. लोक तिला पातळीबाई म्हणायचे. पाण्याची कड बघता बघता तिला कडेला पडलेलं दिसायला लागलं, आणि मग घरात खोकी यायला लागली.

रविवारी आम्ही दोघी जायचो. सव्वीस वर्षं. वारा सुटून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जायचं, कारण तेव्हा लाटांनी काठ उलटापालटा केलेला असतो. ऊन तिरपं असताना जायचं. दगड ओला असतानाच बघायचा, वाळला की सगळे एकजात राखाडी. ताई वाकून उचलायची, नखाने ओरखडून बघायची, मग चाकूच्या टोकाने. शंका आली तर खिशातल्या बाटलीतून व्हिनेगरचा थेंब टाकायची. फसफसलं तर चुनखडी. आणि हाड की दगड असा प्रश्न पडला की चक्क जीभ लावायची. हाडाचा दगड झाला तरी त्याची बारीक छिद्रं तशीच राहतात म्हणे, आणि ती जिभेला धरून बसतात. दगड सुटतो, हाड चिकटतं. मी म्हणायचे, "शी! कशाकशाला तोंड लावतेस." त्यावर ती म्हणायची, "लवंगी, जीभ नुसती भांडायला दिलेली नसते." लवंगी हे माझं घरातलं नाव, मिरचीवरून पडलेलं. आता त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही.

माझं काम पिशवी धरायचं. गुडघे दुखतात, ऊन लागतं, भूक लागली, हे म्हणायचं कामही माझंच. काच मात्र मी ओळखायचे. हॉस्पिटलचा कचरा एके काळी तलावाच्या पलीकडच्या टोकाला टाकत असत. बाहेरून उभ्या रेघा असलेली निळी काच सापडली की मी सांगायचे, ही विषारी औषधाची बाटली. अंधारात नुसत्या हाताला कळावं म्हणून तिला रेघा असत. जाड, हिरवट, आत बुडबुडे असलेली काच म्हणजे जुनी सलाइनची. ताई लक्ष देऊन ऐकायची.

घरी आलं की प्रत्येक दगडाच्या पाठीवर ऑफिसातल्या व्हाइटनरचा एक टिपका, त्यावर बारीक पेनाने आकडा. वहीत तोच आकडा, तारीख, ठिकाण. दगड दिसतो कसा, ते ती लिहायची नाही. "तो समोर आहे ना, बघून घ्यावं," म्हणायची. "कुठून आला ते त्याला बिचाऱ्याला सांगता येत नाही, तेवढं आपण लिहायचं."

तिची एकच इच्छा होती, आणि ती तिने मला एकदाच बोलून दाखवली. शहरातल्या संग्रहालयात एका काचेच्या कपाटासमोर आम्ही उभ्या होतो. आत कोणा मास्तरांनी जमवलेले शंख, आणि खाली पट्टीवर त्यांचं नाव. ताईने चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं. "किती बारीक अक्षरात असतं बघ," म्हणाली, "पण असतं." मी म्हटलं, तुझंही लागेल हो, आता बाहेर चल, माझे पाय भरून आलेत. तिने मनावर घेतलं. घरी येऊन संग्रहालयाला पत्र लिहिलं, दहा दगडांचे फोटो जोडले, प्रत्येकाच्या मागे ठिकाण लिहिलं. आणि खाली एक ओळ: याशिवाय एका जनावराच्या जबड्याचा तुकडा आहे, तीन दात शाबूत, ठिकाण समक्ष सांगेन. पत्रात सांगितलं तर उद्या चार माणसं कुदळी घेऊन तिथे जातील, अशी तिला भीती.

उत्तर आलं तेव्हा ती गेलेली होती. गुरुवारी माणूस पाठवतो, असं पत्र होतं.

बुधवारी मी खोकी बाहेर काढली. धूळ, वाळलेला चिखल, शेवाळ्याचे पापुद्रे. हे असं पाहुण्यांपुढे ठेवायचं? आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. ताई हॉस्पिटलात गेली, माझ्याच हॉस्पिटलात. मी पोचेपर्यंत नर्सने तिला धुऊन पुसून वर चादर घातली होती. चादरीची घडी चुकीची होती. एकतीस वर्षं मी त्या चादरी धुतल्या, आणि माझ्या बहिणीच्या अंगावरून शेवटचा हात फिरवला तो परक्या बाईने. ते मला तीन महिने डाचत होतं. म्हणून वाटलं, तिचं हे एवढं तरी आपल्या हाताने करू.

मोरीत टब मांडला. कढत पाणी, मूठभर सोडा, आणि कॉलर घासायचा ब्रश. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत एकेक दगड घासला. मागच्या ओट्यावर चादर पसरून त्यावर ओळीने वाळत घातले. काय सुंदर दिसत होते! मी कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिले. ताई असती तर तिने कौतुक केलं असतं, असंसुद्धा माझ्या मनात आलं. मग टब उपसला, तर तळाशी पांढरा चुरा बसला होता. चुना असेल म्हणून मी तोही मोरीत ओतून दिला.

गुरुवारी संग्रहालयातून एक बाई आली. पस्तिशीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मऊ. मी चहा टाकला. तिने ओट्यावरचा पहिला दगड उचलला, उलटा केला. दुसरा उचलला, उलटा केला. पाच-सहा झाल्यावर मला म्हणाली, "मावशी, पत्रात लिहिलंय की प्रत्येकावर आकडा आहे."

"आहे की. मागे टिपका—"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टबाच्या तळाशी बसलेला तो पांढरा चुरा चुना नव्हता. चहा उतू गेला तो तिनेच जाऊन बंद केला.

तिने ओरडायला हवं होतं. मी ओरडले असते. माझ्या हाताखालच्या एका बाईने एकदा ऑपरेशनच्या कपड्यांवरच्या वॉर्डाच्या खुणा धुऊन काढल्या होत्या, तिला मी महिनाभर बोलत होते. ही मात्र ताईची वही मांडीवर घेऊन बसली आणि हळू आवाजात मला समजावू लागली. आकड्याशिवाय वही आणि दगड यांचा संबंध तुटला. ठिकाण माहीत नसलेला दगड म्हणजे नुसता दगड, संग्रहालय तो घेत नाही. जबड्यासाठी वरचे साहेब फार उत्सुक आहेत, या तलावावर तसं काही याआधी सापडलेलं नाही. जबडा ठिकाणासकट मिळाला असता तर सगळ्या संग्रहाला एक कपाट द्यायचं ठरलं होतं. ताईच्या नावाचं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता कठीण आहे, मावशी."

मी खाली बसले. मग रागच आला, तिचा नव्हे, माझा. मी हाताला लागला तो दगड उचलला आणि तिच्यापुढे धरला. "हा पंपघराच्या पायऱ्यांचा. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं, मी सपशेल आपटले, आणि ही बया मला उचलायच्या आधी याला उचलायला धावली. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही." दुसरा उचलला. "हा जुन्या धक्क्याचा. त्या दिवशी तिने माझी छत्री चिखल खणायला वापरली. आणि ही निळी काच ओढ्याच्या तोंडाशी मिळाली, तेव्हा मी म्हटलं होतं, आता घरी नाही चाललीस तर मी इथेच पथारी टाकते."

बाई बघतच राहिली. मग पिशवीतून तिने ताईने पाठवलेले दहा फोटो काढले आणि मागची बाजू हाताने झाकून एकेक मला दाखवला. दहाच्या दहा ठिकाणं मी बरोबर सांगितली. आठव्याला तर तारीखही सांगितली, कारण त्या दिवशी आमच्या धाकट्या भावाच्या घरी बारशाला जायला आम्हाला उशीर झाला होता आणि दोघी चिखलाच्या पायांनी तिथे पोचलो होतो.

"मावशी," ती म्हणाली, "तुमचं तोंड फाटकं असेल, पण डोकं शाबूत आहे." असं स्पष्ट बोलणारी माणसं मला आवडतात. त्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करायला लागले.

ती आणखी दोन दिवस आली, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. मी दगड उचलून भांडण सांगायचे, ती वहीत ठिकाण आणि तारीख शोधून बरोबरची खूण करायची. ज्या दिवसाचे तीन दगड वहीत होते, त्या दिवसाचे तीनच माझ्याकडून निघायचे. काही खरबरीत दगडांवर टिपक्याचा गोल पुसट राहिला होता. कापडावरचा धुतलेला डाग बघतो तसा तिरप्या उजेडात धरला की आकडाही दिसायचा. ते बघायला मी तिला शिकवलं. मला वाटलं होतं सव्वीस वर्षं मी फक्त कुरकुर करत होते. पण कुरकुर करता करता सगळं बघत होते.

शुक्रवारी दुपारी तिने विचारलं, "मावशी, लवंगी कोण?"

"का?"

तिने वही माझ्यापुढे केली. या वहीला मी कधी हात लावलेला नव्हता. ताईची ऑफिसची सवय म्हणून सोडून दिलेलं. आकडा, तारीख, ठिकाण, आणि शेवटी एक चौथा रकाना होता. वर लिहिलं होतं 'साक्ष'. आणि खाली पानामागून पान, ताईच्या त्या किरट्या अक्षरात: लवंगी. लवंगी. लवंगी.

त्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. पाणीखात्यात ताईच्या तरुणपणी एक कारकून होता. गारठ्यात पट्टीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून घरी बसून कालच्या आकड्यावरून आजचा लिहायचा. एका वर्षी पाणी चढलं आणि वहीत ते चढलंच नाही. खालची वस्ती बुडाली, दोन माणसं गेली. तेव्हापासून तिथे नियम झाला की प्रत्येक नोंदीला दुसऱ्या माणसाची साक्ष हवी, पट्टीजवळ प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाची. ताई म्हणायची, खोटा आकडा एक वेळ पकडता येतो, अंदाजाने लिहिलेला पकडता येत नाही, तो खऱ्यासारखाच दिसतो.

म्हणजे सव्वीस वर्षं मी पिशवी धरायला जात नव्हते. ती मला साक्षीला नेत होती. आणि मला हे एकदाही बोलली नाही. की बोलली होती, आणि माझ्या पालथ्या घड्यावर ते पाणी पडलं, कोण जाणे. मी मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत चारशे बारांपैकी एकेचाळीस उरले. त्यातला एक जबडा.

"हा?" तिने विचारलं. जबडा माझ्या तळहातावर मावेल एवढा. तपकिरी, तीन दात, एक थोडा खचलेला.

"याचं भांडण आठवतंय," मी म्हटलं. "पण तलावावरचं नाही."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी दूध तापवायला पातेलं घ्यायला गेले, तर त्यात दगड उकळत होते. चिखल सुटावा म्हणून. माझ्या दुधाच्या पातेल्यात! मी जे बोलायला लागले ते बोलतच सुटले. दगडांनी घर भरलंस, आयुष्य भरलंस, एका तरी दगडाने तुला पाणी विचारलं का? ताई सहसा उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं? तू येतेस ती पिशवी धरायला."

मी पिशवी भरली आणि भावाकडे निघून गेले. अकरा दिवस तिथे राहिले. बाराव्या दिवशी वहिनी म्हणाली, वन्सं, राहा हवं तितकं, पण तुम्ही आमच्या उशांचे अभ्रे चौथ्यांदा धुताय. तेव्हा परत आले.

ताई दारातच उभी होती. तोंडावर नुसता आनंद. माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या आधी तिने हा जबडा माझ्यापुढे धरला. "जीभ लाव," म्हणाली. मी आत गेले. ती मागे मागे आली. "बरं, नको लावू. विचार ना, कुठे सापडला?"

मी म्हटलं, "मी पिशवी धरणारी. मला काय करायचंय?"

"बरं," एवढंच म्हणाली, आणि व्हाइटनरची बाटली शोधायला गेली. पुढच्या रविवारपासून आम्ही पुन्हा जायला लागलो, पुन्हा हसलो-भांडलो, पण या जबड्याबद्दल तिने मला पुन्हा विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे जवळजवळ दोन वर्षं ती माझ्यासमोर होती. रोज सकाळी चहाला समोर बसत होती.

संग्रहालयवालीने त्या अकरा दिवसांचं पान काढलं. नऊ नोंदी होत्या. तीन पंपघराच्या पायऱ्यांवरच्या, दोन जुन्या धक्क्याच्या, तीन लाल कड्याच्या, एक ओढ्याच्या तोंडाची. नऊंच्याही पुढे साक्षीच्या रकान्यात एकच शब्द होता. 'नाही.'

"दगडाचा प्रकार बघता मला लाल कडा वाटतो," ती म्हणाली. आवाज दाबून बोलत होती, पण तिच्या डोळ्यांत आशा दिसत होती. "पण ओढ्यातूनही वाहून आलेला असू शकतो. माझ्या वाटण्याला किंमत नाही. तुमच्या शब्दाला आहे, दहाच्या दहा तुम्ही बरोबर सांगितलेत, ते मी लेखी दिलंय. सावकाश आठवा. एखादं वाक्य, तिच्या बुटांचा चिखल, काहीही. मी सोमवारी येते."

रविवारी मी एकटी गेले. जबडा रुमालात गुंडाळून घेतला होता. चारही ठिकाणी गेले. पायऱ्यांवर बसले, धक्क्यावर उभी राहिले, ओढ्याच्या तोंडाशी चिखलात पाय घातले. लाल कडा सगळ्यांत लांब. आदल्या दिवशी वारा होता, त्यामुळे काठावर ओल्या दगडांचा नुसता सडा. कड्याची माती जबड्याला चिकटलेल्या रंगाचीच वाटत होती. मग मला आठवलं की रंग बघण्यासारखं त्यावर जे काही होतं ते मीच सोड्याने धुऊन काढलंय. उरलेला रंग कुठल्याही मातीला जुळला असता.

तिथे उभं राहून मी मोठ्याने म्हणून बघितलं, "लाल कडा." किती सोपं होतं. दोन शब्द, आणि ताईचं नाव कपाटावर. मला खोटं ठरवणारं जगात कोणी नव्हतं. कदाचित ते खरंही असेल. माझ्यामुळे आकडे गेले, माझ्यामुळेच साक्ष नाही, तर निदान हे दोन शब्द मी तिच्यासाठी बोलू नयेत? घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. सांगून टाकायचं. जेवले, भांडी घासली, आणि वही उचलून ठेवायला घेतली. तिथे पुन्हा ते पान उघडलं. नऊ वेळा 'नाही' लिहिलं होतं तिने. घरात एकटी बसून. मी रुसून गेलेली, बघणारं कोणी नाही, वाटलं असतं तर 'लवंगी' लिहून मोकळी झाली असती. वही तिचीच होती, कोण तपासणार होतं?

सोमवारी संग्रहालयवाली आली. मी तिला चहा दिला, आणि ती विचारायच्या आधीच सांगितलं, "मला माहीत नाही."

"लाल कडा असण्याची—"

"असेल. मला माहीत नाही. मी तिथे नव्हते."

तिने कप खाली ठेवला. "मग कपाट मिळणार नाही, मावशी," म्हणाली. "ठिकाण लागलेले तीनशे एकाहत्तर आम्ही घेऊ. खणांत राहतील, अभ्यासाला येणाऱ्यांना दाखवू. आतल्या यादीत ताईंचं नाव असेल. पण बाहेर काही दिसणार नाही."

"आणि हा?"

"हा मी माझ्या जबाबदारीवर घेते. ठिकाण कळलं नाही तरी हाड ते हाडच. पण तोही खणातच."

मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. सव्वीस वर्षांत माझ्या बहिणीने मागितलेली एकच गोष्ट, आणि ती मी माझ्या या दोन हातांनी आणि एका जिभेने घालवली होती. संग्रहालयवालीने पुठ्ठ्याची चिठ्ठी काढली. कोणाला सापडलं, वस्तू, ठिकाण, साक्ष, असे रकाने तिने ताईच्या वहीवरूनच आखले होते. ठिकाणासमोर तिने 'माहीत नाही' लिहिलं, साक्षीसमोर 'नाही'. खाली 'शेरा' असा एक रकाना रिकामा होता.

"तिथे कारण लिही," मी म्हटलं.

"कसलं कारण?"

"ठिकाण का माहीत नाही त्याचं. नाहीतर उद्या वाचणारा म्हणेल, ही बाई निष्काळजी होती, लिहायला विसरली. ती विसरली नव्हती."

तिने पेन माझ्या हातात दिलं. मी चष्मा लावला आणि लिहिलं: बहिणीने विचारलं नाही. अक्षर वाकडं आलं. तिने ते दोनदा वाचलं आणि शाई वाळायला चिठ्ठी खिडकीत ठेवली.

मग आम्ही खोकी बांधायला घेतली. प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळायचा, खोक्यात उभा ठेवायचा, मधे कापूस. ती सुतळी कापत होती. जबडा मी शेवटी ठेवला होता. कागदात घालण्याआधी तो मी तोंडापाशी नेला आणि जीभ लावली. चिकटला. ताई म्हणाली होती तसाच, सोडवायला हलकेच ओढावा लागला.

"कुठे सापडला गं?" मी विचारलं.

संग्रहालयवालीने कात्री थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला विचारलं नव्हतं. मी जबडा कागदात गुंडाळला, कापसावर ठेवला, आणि सुतळीसाठी तिच्यापुढे हात केला.